कल्याण कॅम्पातील जुने दगडी गटार लष्कराच्या काळातील आहे का?

प्रश्न:
नमस्कार. मी उल्हासनगरच्या कॅम्प ४ मध्ये राहतो. गेल्या आठवड्यात आमच्या बराकीमागच्या गल्लीत काँक्रीटीकरणासाठी खोदकाम झाले, तेव्हा दोन फुटांखाली काळ्या दगडाचे गटार लागले. त्याच्या तळाशी तपकिरी, झिलईदार मातीची अर्धगोल पन्हळ आहे आणि गाळ काढल्यावर ती अजूनही हाताला गुळगुळीत लागते. दुसऱ्या महायुद्धात येथे लष्कराचा तळ होता, तोच कल्याण कॅम्प. गटार त्या काळातले आहे, हे कसे ओळखावे? एवढ्या रुंद गटारात ही अरुंद पन्हळ कशासाठी?

उत्तर (निवृत्त अभियंता, ठाणे):
पन्हळीवरून काळ ठरवू नका, कारण अशी गटारे युद्धाआधीही बांधली जात आणि नंतरही. गटार मूळ बराकीच्या जोत्याला समांतर जात असेल आणि वाढीव खोल्यांच्या भिंती त्यावर चढलेल्या असतील, तर ते त्या खोल्यांआधीचे, हे नक्की. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कुटुंबे या बराकींत राहायला आली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगरची पायाभरणी झाली. घरे वाढवण्याचे काम त्या कुटुंबांनी केलेले आहे.

न्हाणीचे थोडेसे पाणी सपाट तळावर पसरते, थांबते आणि गाळ धरते. अर्धगोल पन्हळीत तेच पाणी खोल होऊन वेगाने वाहते व गाळ सोबत नेते. पावसाळ्यात मात्र वरची सगळी दगडी रुंदी कामी येते. पाणी साचून राहिले तर उष्ण हवेत त्यात अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. १९४३ मध्ये ब्रह्मदेश आघाडीवर एका जखमी सैनिकामागे १२० आजारी सैनिक मागे पाठवावे लागत होते आणि त्या आजारांत हिवताप पहिला होता. तिकडे माणसे आणि रसद धाडणाऱ्या कोणत्याही तळाला तुंबलेले गटार परवडणारे नव्हते.

उत्तर (कॅम्प ३):
दादा, आमच्याकडे अशीच पन्हळ न मोजता बुजवली. नव्या गटाराला उतारच दिला नाही, म्हणून पहिल्याच पावसात पाणी जोत्याला लागले. काम थांबले नाही तरी निदान उतार नोंदवून ठेवा, ही कळकळीची विनंती.

उत्तर (निवृत्त अभियंता):
अगदी योग्य. गवंड्याच्या लेव्हल पाइपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) दर दहा फुटांवर तळाची खोली मोजा. जुना ठोकताळा असा: ४ इंची पन्हळीला ४० फुटांत १ फूट उतार, ६ इंचीला ६० फुटांत, ९ इंचीला ९० फुटांत. छायाचित्रात फूटपट्टी ठेवा.

प्रश्नकर्ता:
सर, आज मोजले. पन्हळ ९ इंची आहे आणि ३० फुटांत बरोबर ४ इंच उतरते, म्हणजे ठोकताळ्याप्रमाणेच. शेजारच्या वाढीव स्वयंपाकघराची भिंत गटाराच्या दगडावरच उभी आहे. ही मापे उद्या काम सुरू होण्याआधी ठेकेदाराच्या हातात लेखी देतो.