आधार जुळत नसलेली पोरं संचमान्यतेत कशी धरायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे, पहिली ते चौथी. पट १७. बहुतेक पोरं पावरा, चारेक भिल्ल. अहिराणी बोलणारं घर एकच, त्यामुळे पहिलीत मराठी पुस्तक उघडण्याआधी आम्हालाच थोडी पावरी बोलावी लागते. (आता जमते!)

अडचण आधारची. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होणार, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरणार, आणि त्यात आधार वैध असलेलीच पोरं धरतात. आमची पाच अवैध दाखवतात. जनरल रजिस्टरला जन्मतारीख १ जून, आधारवर १ जानेवारी. एकाचं तर बापाचं नाव आडनावाच्या जागी. दोघांचा जन्म मध्य प्रदेशातल्या सेंधव्याकडचा, जन्माची नोंदच नाही. पोरं मात्र रोज वर्गात हजर, खिचडीच्या रांगेत पहिली.

दिवाळीनंतर निम्मी घरं ऊसतोडीला जातील, मग पालकांचा अंगठा कुठून आणू?

कोणी आधी रजिस्टर दुरुस्त केलं की आधार? परराज्यातल्या जन्माची उशिराची नोंद कोणी करून घेतली आहे का? केंद्रप्रमुख म्हणतात "बघू". अक्कलकुवा, धडगावकडच्या गुरुजींनी जरूर सांगावं, तुमच्याकडे हे रोजचंच असेल.