कॅथलिकांमध्येही एकमत नाही
माणसाच्या तारणाबाबत 'कॅथलिकांना इच्छास्वातंत्र्य मान्य, कॅल्व्हिनपंथीयांना (कॅल्व्हिन या प्रोटेस्टंट सुधारकाच्या अनुयायांना) नाही' अशी विभागणी केली जाते, पण ती जरा जास्तच सोपी आहे. तारणाच्या वाटेवर पहिलं पाऊल देवाचंच, म्हणजे त्याच्या कृपेचं, हे फ्रान्समधल्या ऑरांजच्या परिषदेनेही ५२९ मध्ये ठरवलं होतं. भांडण पुढचं आहे: ती कृपा माणसाच्या होकारावर अवलंबून, की होकारही तीच घडवते? (दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांचा वाद तसाच काहीसा: भक्त हा आईला स्वतः घट्ट धरणारं माकडाचं पिल्लू, की आईने तोंडात उचलून नेलेलं मांजरीचं?)

१५८८ मध्ये होकार माणसाचाच, ही बाजू मांडणारं मोलिना या जेझुइटाचं पुस्तक आलं (जेझुइट आणि डॉमिनिकन हे दोन्ही कॅथलिक संन्यासी संघ) आणि डॉमिनिकन चवताळले. ते जेझुइटांना पेलेजियसचे (कृपेविनाही माणूस स्वतःच्या बळावर तरू शकतो म्हणणारा, पाखंडी ठरलेला) वारस म्हणत, जेझुइट त्यांना छुपे कॅल्व्हिनपंथी! रोममध्ये जवळजवळ दहा वर्षं काथ्याकूट चालला. १६०७ मध्ये पोप पाचव्या पॉलने निकालच दिला नाही. आपापलं मत बाळगा, पण एकमेकांना पाखंडी म्हणू नका, एवढीच तंबी. तो निकाल अजून लागलेला नाही.