पीएचपी ७.४ वरून ८.३ : जुनी एरर तपासणी ठेवावी की मोडावी?

सत्तरीकर :
वाळपईत काजू बी विकत घेणाऱ्या एका व्यापाऱ्याचं पावत्यांचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. ते पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत आहे. तिच्या ७.४ आवृत्तीचे सुरक्षा अपडेट नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबले, त्यामुळे मार्चमध्ये हंगाम तापायच्या आत ८.३ वर जायचंय. चाचणीत दोन जागी अडलंय.

बागायतदार सकाळी एक पोतं घालतो, संध्याकाळी दुसरं, पावती नंबर तोच. आमचा कोड आधी इन्सर्ट करतो, म्हणजे नवी ओळ घालतो. नंबर आधीच असला की मायएसक्यूएल हा डेटाबेस १०६२ ही एरर देतो, क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) फॉल्स, म्हणजे ‘जमलं नाही’, परत करते, मग आम्ही अपडेट करून वजन मिळवतो. आता फॉल्स येतच नाही. एक्सेप्शन (पकडलं नाही तर कोड तिथेच थांबवणारी सूचना) येतं, पान बंद पडतं आणि संध्याकाळचं पोतं नोंदलंच जात नाही.

दुसरं, दिवसाचा सरासरी दर : रक्कम भागिले किलो. खरेदी नसलेल्या दिवशी पूर्वी नुसती वॉर्निंग यायची, आता महिन्याचा अख्खा रिपोर्ट थांबतो. भोवती कॅच एक्सेप्शन (एक्सेप्शन पकडणारा कोड) आहे, तरी सुटतं.

मला हे मनापासून खटकतं. एरर कधी तपासलीच नाही त्यांना हा बदल वाचवतो. आम्ही प्रत्येक क्वेरीनंतर फॉल्स तपासला, आणि मोडतो तो आमचाच कोड. नवं वागणं बंद करून ठेवू, की सगळं नव्याने लिहू?

फोंडेकर :
डेटाबेसच्या एररबाबत पीएचपीचं वागणं ८.१ मध्ये बदललं. कनेक्शनच्या आधी मायएसक्यूएलआय (पीएचपीला मायएसक्यूएलशी जोडणारा भाग) रिपोर्ट ऑफ केलंत की फॉल्स पुन्हा मिळेल, म्हणजे हंगाम निभावेल. भागाकाराला मात्र असा स्विच नाही. ८.० पासून शून्याने भागलं की डिव्हिजन बाय झीरो एरर येते, आणि ती एक्सेप्शनच्या नव्हे, एररच्या कुळातली. म्हणून तुमच्या कॅचमधून निसटते. थ्रोएबल (ज्यात ही दोन्ही कुळं येतात) पकडा, किंवा सरळ किलो शून्य आहेत का ते आधी बघा. मी दुसरं करीन. खरेदीच नाही तर दर कसला?

म्हापसा_देव :
पायथन या दुसऱ्या भाषेने असाच बदल बराच सांभाळून केला होता. जनरेटरमधून (एकेक मूल्य देत जाणाऱ्या फंक्शनमधून) निसटणारं स्टॉप इटरेशन (‘मूल्यं संपली’ ही खूण) रनटाइम एरर व्हावं, ही सोय ३.५ मध्ये मागितली तरच मिळायची, ३.६ मध्ये वॉर्निंग आली, सक्ती ३.७ मध्ये झाली. लोकांना सावरायला वेळ मिळाला.

सत्तरीकर, स्विच ऑफ करा, पण टेबलं मायआयसॅम (मायएसक्यूएलचा एक जुना साठवण प्रकार) आहेत का तेही बघा. असतील तर रोलबॅक, म्हणजे अर्धवट नोंद मागे घेणं, नाही. उद्या एक्सेप्शन चालू कराल तेव्हा पावती लिहून झालेली आणि वजनाची ओळ लिहायच्या आधीच कोड थांबलेला, असं होईल. आधी इनोडीबी (रोलबॅक असलेला साठवण प्रकार), मग ट्रान्झॅक्शन (सगळ्या नोंदी एकत्र, नाहीतर एकही नाही), मग एक्सेप्शन.

फोंडेकर :
बरोबर. आणि त्या पावतीसाठी ऑन डुप्लिकेट की अपडेट (नंबर आधीच असला तर इन्सर्टऐवजी अपडेट करणारी आज्ञा) वापरा, दोन्ही व्हर्जनवर चालेल. फक्त टेबलावर दुसरी युनिक की (तेच मूल्य दोनदा येऊ न देणारी अट) असली तर तिच्या टकरीवरही अपडेट होईल.

सत्तरीकर :
आहे, चेक नंबरवर. म्हणजे चुकून जुना चेक नंबर पडला तर एकाचं वजन दुसऱ्याच्या पावतीत जाईल. ते नको. पावतीची ओळ आधी सिलेक्ट फॉर अपडेटने (ओळ वाचून, आपला बदल होईपर्यंत इतरांना ती बदलू न देणाऱ्या क्वेरीने) उचलतो, मिळाली तर वजन मिळवतो, नाहीतर इन्सर्ट. टेबलं मायआयसॅमच निघाली, त्यामुळे आधी तीच बदलतो. तोवर रिपोर्ट ऑफ. भागाकार आज रात्रीच दुरुस्त करतो.