गप्प बसणाऱ्या मुलांना वर्गात बोलतं करायलाच हवं का?

खडू_फळा: सातवीला विज्ञान शिकवते. बेचाळीस मुलं, पण हात वर होतात ते त्याच पाच-सहा जणांचे. परवा बर्फ घातलेला ग्लास टेबलावर ठेवून विचारलं, "बाहेरून हे पाणी आलं कुठून?" पहिल्या बाकाचं उत्तर तयार: "काचेतून झिरपलं." मी चूक-बरोबर काहीच बोलले नाही, शेजाऱ्याशी दोन मिनिटं बोला म्हटलं. वर्षभर तोंड न उघडलेली मागच्या बाकावरची मुलगी शेजारणीला म्हणाली, "मग सरबत ठेवलं तर बाहेरचं पाणी गोड लागेल?" मी ते वर्गाला सांगितलं आणि सगळे तुटून पडले. मुलांना बोलतं करायलाच हवं.

शांत_मुलीची_आई: अजिबात पटत नाही. माझी लेक घरी अखंड बडबडते, वर्गात नाव पुकारलं की तिच्या पोटात गोळा येतो. सहावीत उत्तर येईपर्यंत तिला उभं ठेवलं होतं. त्यानंतर आठवडाभर सकाळी पोट दुखायचं. वहीत ती सगळं नीट लिहिते. वर आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर वर्गातल्या कामावर होणाऱ्या मूल्यमापनात, तोंडीकामाचे गुण आहेतच, म्हणजे शांत मुलांचं तिथेही नुकसान.

खानदेशी: पाचवीत मी 'तिथे'ऐवजी 'तठे' म्हणालो. वर्ग हसला, गुरुजीही हसले. दहावीपर्यंत हात वर केला नाही. प्रगतिपुस्तकात मात्र 'स्वभाव शांत' असा शेरा. आधी हसणं थांबवा, मग चर्चा घ्या.

अकरावी_विज्ञान: मी शिकवतो त्या तुकडीत ऐंशी मुलं. दोन मिनिटांची चर्चा आवरायला पाच मिनिटं जातात. अभ्यासक्रम कोण पुरा करणार?

खडू_फळा: सर, मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने 1970च्या दशकात वर्गांचं निरीक्षण केलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबायचे. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली, एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागली. एवढा वेळ ऐंशीच्या वर्गातही निघतो.
ताई, उभं ठेवणं ही शिक्षाच झाली, त्याची बाजू मी घेणार नाही. माझ्या वर्गातली ती मुलगी बसूनच बोलली होती.

शांत_मुलीची_आई: तिचं वाक्य वर्गाला सांगण्याआधी तिला विचारलं होतंत?

खडू_फळा: नाही. उद्या आधी तिच्याशी बोलते.