मदत हवी आहे: कॉइलओव्हर बसवल्यावर स्वे बारमधला प्रीलोड जात नाही

कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉक) घालून गाडी 30 मिमी खाली घेतली आहे. सपाट जमिनीवर, चाकांवर पूर्ण भार असताना पुढच्या स्वे बारची (वळणावर गाडी कलू नये म्हणून डावी-उजवी बाजू जोडणारा दांडा) डावी लिंक (बारचे टोक सस्पेन्शनला जोडणारा छोटा दांडा) जोडली की उजव्या लिंकचा बोल्ट भोकाच्या 6 मिमी वर राहतो. ओढून बसवला तर बार उभ्या गाडीतच पिळलेला राहतो (हाच प्रीलोड) आणि डाव्या-उजव्या वळणांवर गाडी वेगवेगळी वागते. लिंका सोडल्यावर बार हाताने मोकळा फिरतो, म्हणजे बुश (बार धरणारे रबर) जाम नाहीत. तेव्हा दोन्ही बाजूंची उंचीही सारखीच भरते. उजवीकडे लांबी बदलता येणारी लिंक घालून, ड्रायव्हरच्या सीटवर वजन ठेवून, बोल्ट हाताने सरकेपर्यंत जुळवू का? की आधी बार काढून वाकलाय का ते बघू? कॉर्नर वेट (प्रत्येक चाकावरचे वजन) लिंक सोडूनच मोजायचे ना?