मॅककँडलेसला नुसता वेडा ठरवू नका

ख्रिस मॅककँडलेस हा अमेरिकी तरुण १९९२ साली अलास्काच्या जंगलात एका पडीक बसमध्ये एकटा राहिला आणि तिथेच मेला. तो कसलीही तयारी न करता अलास्कात मरायला गेला, असं म्हणणाऱ्यांचं मत मला अर्धंच पटतं. १९९० साली पदवी घेतल्यावर सुमारे २४,००० डॉलरची शिल्लक ऑक्सफॅम या मदत संस्थेला देऊन तो जवळजवळ दोन वर्षं भटकला, शेतावर राबला, कोलोरॅडो नदीतून एकटा होडी वल्हवत मेक्सिकोत गेला. हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही.

अलास्कात मात्र तिथल्या जंगलाची माहिती कमी पडली. जूनमध्ये त्याने मूस (तिकडचं मोठं हरीण) मारलं, मांस धुरी देऊन टिकवायला गेला आणि त्यात अळ्या पडल्या. तिथले शिकारी पातळ पट्ट्या कापून वाऱ्यावर सुकवतात. जुलैत परत निघाला, तर एप्रिलमध्ये पायी ओलांडलेली टेक्लानिका नदी बर्फ वितळून फुगलेली. प्रवाहाच्या खालच्या अंगाला, थोड्याच अंतरावर, तारेवरून हाताने ओढायचा पाळणा होता. पण जवळ धड नकाशा नव्हता! हे वाचताना दरवेळी जीव तुटतो. चोवीस वर्षांचा पोरगा हो.

आणि त्या बसपर्यंत जायची स्वप्नं बघणाऱ्यांना सांगावंसं वाटतं, तिकडच्या वाटेवर त्याच नदीने २०१० आणि २०१९ मध्ये दोन तरुणींचा बळी घेतला. २०२० साली बस हेलिकॉप्टरने उचलून नेली, ते बरंच झालं.