मदत हवी आहे: एएमटी गाडी चढावर मागे येते, दोष गाडीचा की माझा?

नमस्कार मंडळी,

सतरा वर्षं गिअरची गाडी चालवली. यंदा डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि क्लच सोडावा लागला, म्हणून जुन्या बाजारातून एएमटी घेतली, म्हणजे क्लचचं पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी गाडी. गावात छान चालते.

रविवारी घरच्यांना घेऊन कास पठारावर फुलं बघायला निघालो होतो. साताऱ्यातलं समर्थ मंदिर सोडून यवतेश्वरचा घाट चढायला लागलो आणि फुलं बघायला आलेल्यांच्या गर्दीत अडकलो. पुढची बामणोली एसटी हलली, मी ब्रेकवरचा पाय उचलून रेसवर नेला, तेवढ्यात गाडी हातभर मागे. मागे मोटरसायकलवर नवरा-बायको आणि मध्ये लहान पोर. त्याने दोन्ही पाय टेकून गाडी मागे रेटली म्हणून निभावलं. आरशात दिसलेला त्याचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

त्या धास्तीने पुढे ब्रेक लावलाच नाही, थोडी थोडी रेस देत गाडी चढावर तोलून धरली. मग जळका वास सुटला. विकणारा म्हणाला होता, ऑटोमॅटिक आहे, काही बघावं लागत नाही. मित्राची मोठी ऑटोमॅटिक त्याच वळणावर ब्रेक सोडला तरी जागची हलत नाही. मग माझीच का येते? जाणकारांनी कृपया सांगावं, गिअरच्या गाडीकडे आता परत जाता येणार नाही.

प्रतिसाद १
दोष कुणाचाच नाही, गाडीची जात वेगळी आहे. एएमटीचा गिअरबॉक्स तुमच्या जुन्या गाडीसारखाच, फक्त क्लच पायाऐवजी ॲक्च्युएटर नावाची यंत्रणा दाबते. ब्रेकवर पाय असताना क्लच सुटलेला असतो. पाय उचलल्यावर तो पकडेपर्यंत क्षणभर जातो आणि तेवढ्यात गाडी मागे येते. मित्राच्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टर असणार. त्यात इंजिनची ताकद तेलातून जाते, त्यामुळे डी (ड्राइव्ह) मध्ये रेस न देता, नुसत्या आयडलवरही गाडी पुढे रेटली जाते. फार खडा चढ असेल तर तीही मागे येते.
वास क्लच प्लेटचा होता. रेसवर तोलणं म्हणजे सतत हाफ क्लच, क्लच अर्धवट पकडून घासत राहतो. हे आजपासून बंद करा आणि क्लच दाखवून घ्या.

प्रतिसाद २
हिल होल्ड आहे का बघा. असेल तर पाय काढल्यावर दोनेक सेकंद ब्रेक धरून ठेवतं. नसेल तर हॅण्डब्रेक. तो ओढलेलाच ठेवून रेस द्या, गाडी ओढ घेऊन बॉनेट किंचित उचललं की सोडा. खड्या चढाला मॅन्युअल मोडवर पहिला टाका, म्हणजे मध्येच दुसरा पडणार नाही.

धागाकर्ता
मनापासून आभार. हिल होल्ड नाही. आज सकाळी सहाला, रस्ता मोकळा असताना, भावाला शेजारी बसवून घाटात सराव केला. पहिल्या दोन वेळा हॅण्डब्रेक लवकर सुटला आणि गाडी वीतभर मागे आली. तिसऱ्यांदा बॉनेट उचलेपर्यंत थांबलो, बोटभरही सरकली नाही. क्लच मंगळवारी दाखवतोय. आता एकच विचारतो: हिला पी (पार्किंगचा गिअर) नाही, मग चढावर उभी करताना न्यूट्रलला ठेवायची का?

प्रतिसाद २
न्यूट्रल अजिबात नको. ब्रेक दाबलेला ठेवून हॅण्डब्रेक पूर्ण ओढा, गाडी गिअरमध्ये असतानाच इंजिन बंद करा, मगच पाय काढा. तोंड चढाकडे असेल तर पुढे जायचा गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स. आणि घाटात चाकाला उताराच्या बाजूने दगड लावाच.